गोदेचं वळं

बनारसच्या मराठी घरात मूल जन्मलं की पेढ्यांच्या आधी कालिंदीबाईंकडे निरोप जायचा. बारशाला वळं हवं. गणपती संस्थानाच्या हत्तिणीच्या शेपटीचे केस चांदीच्या तारेत गुंफून केलेलं हे वळं बाळाच्या मनगटात घातलं की दृष्ट लागत नाही, दात सुखानं येतात आणि मूल झोपेत दचकत नाही, अशी बालाजी घाटापासून पंचगंगा घाटापर्यंतच्या मराठी मंडळींची ठाम समजूत होती. मुंजीत बटूला त्याच केसांची अंगठी. पुण्या-नागपूरला दिलेल्या लेकी बाळंतपण तिकडेच करायच्या, पण वळं मात्र माहेरून मागवायच्या. तिकडे डॉक्टर चांगले असतील, हत्तीण कुठे होती?

हत्तिणीचं नाव गोदावरी. गंगेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहायचं आणि हत्तिणीचं नाव गोदावरी ठेवायचं, हे आपल्याच लोकांना सुचू जाणे. पंचगंगेच्या गल्ल्यांतून दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला ओट्यावर चढावं लागतं, तिथे हत्ती कुठला शिरायला? त्यामुळे गोदेचा मुक्काम वरुणा नदीपार, संस्थानाच्या बगीच्यात. भाद्रपदात तिला रंगवून, झूल घालून मिरवणुकीसाठी मैदागिनच्या चौकापर्यंत आणायचे. लोक रस्त्यातच तिच्या पायांवर डोकं ठेवायचे आणि सोंडेवर इतका शेंदूर फासायचे की बिचारी पुढे कितीतरी दिवस शिंकत राही.

वळ्याचं काम कालिंदीबाईंकडे सासूकडून आलं होतं. एरवी त्यांना घरात कोणी फारसं विचारत नसे. नवरा नीलकंठराव पाठशाळेत व्याकरण शिकवायचे आणि घरी आले की गप्प बसायचे. धाकटे दीर वासुदेवराव संस्थानाचे सेक्रेटरी. सगळ्या घराच्या वाटचं तेच बोलायचे. पण निरोप आला की कालिंदीबाई इरकली नेसून, कुंकू, नारळ आणि गुळाचा खडा घेऊन रिक्षानं बगीच्यात जायच्या, तेव्हा गल्लीतली माणसं बाजूला होऊन वाट द्यायची.

गोदेच्या कपाळाला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि तळहातावर गूळ ठेवून तिच्या तोंडापुढे उभं राहायचं, एवढं त्यांचं काम. केसांचं काम माहूत अनवर मागच्या बाजूला करायचा. मागे काय चालतं ते कालिंदीबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. पूजेला आलेल्या बाईनं हत्तिणीच्या मागे कशाला जायचं? शिवाय ‘केस उपटले’ असं कोणी म्हणतच नसे. ‘गोदेनं केस दिले’ असं म्हणायचं. त्या वेळी गोदेच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. कालिंदीबाई ते पदरानं टिपायच्या आणि घरी येऊन सांगायच्या, “आज फार प्रेमात होती हो!”

त्यांचं गोदेवर खरंच प्रेम होतं. हे कोणी खोटं म्हणू नये. नवऱ्याशी, जावेशी जे बोलता आलं नाही ते त्या गोदेच्या कानाशी बोलायच्या. लेक ईशानी हिच्या जन्माआधी दोन मुलं गेली तेव्हा त्या रडल्या त्या बगीच्यातच.

आणि संस्थानावर दावा लावला तो याच ईशानीनं.

ईशानी युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्र शिकत होती आणि प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत जात होती. पंचाण्णव सालच्या पावसाळ्यात या संस्थेनं जिल्हा कोर्टात अर्ज दिला, त्यावर अर्जदार म्हणून पहिली सही तिची. विटांच्या फरशीवर साखळीत उभं राहून हत्तिणीचे तळवे कुजले आहेत, शेपटीला केस उरलेला नाही, तिला हिमालयाच्या पायथ्याशी तराईतल्या जंगल खात्याच्या छावणीत पाठवावं, अशी मागणी होती. बातमी हिंदी पेपरात आली तेव्हा वासुदेवराव पेपर हातात नाचवत स्वयंपाकघरात शिरले.

“वहिनी, ही तुमची लेक! घर का भेदी लंका ढाए, दुसरं काय?”

“काका, तुम्ही एकदा तरी तिचे पाय बघितलेत?” ईशानी म्हणाली.

“पायांवर डोकं ठेवतो मी दर वर्षी!”

“ठेवता ना? मग दिसणार कसे?”

कालिंदीबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि लेकीकडे पाठ केली. त्या दिवसापासून मायलेकींचं बोलणं बंद. दोघी एकाच चुलीपाशी जेवायच्या आणि मधे नीलकंठराव. “तिला म्हणावं, भात घे.” “आईला सांगा, नको.” बिचारा जन्मभर संधी-विग्रह शिकवलेला माणूस, घरात त्याला निरोप्याची नोकरी लागली.

वर्षभर तारखांवर तारखा पडल्या. मग कोर्टानं बगीचा पाहून यायला एक कमिश्नर नेमली. पांढऱ्या केसांची, कमी बोलणारी वकीलबाई. ती येणार म्हटल्यावर वासुदेवरावांनी सगळी वस्ती बगीच्यात गोळा केली. पुरुष शाली पांघरून, बायका आरतीची तबकं घेऊन. फरशी धुतली होती, गोदेच्या कपाळावर नक्षी काढली होती. वासुदेवरावांचा हुकमी पत्ता होत्या कालिंदीबाई. हत्तीण त्यांना कशी ओळखते, हे कमिश्नरबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, मग ते तळवे न् बिळवे कोण विचारतो!

फाटकापाशी ईशानी आडवी आली. वर्षभरात पहिल्यांदा ती आईशी सरळ बोलली.

“आई, तू आज पुढे जाऊ नकोस. डोकं दुखतंय म्हणून सांग. प्लीज़.”

“का? तुझ्या कोर्टाला भिते की काय मी?”

“कोर्टाचं नाही गं. मत जाओ ना, आई.”

कालिंदीबाईंनी तिला हातानं बाजूला केलं आणि गूळ घेऊन पुढे झाल्या.

“देखिए मैडम,” वासुदेवराव म्हणाले, “अब देखिए, हमारी भाभी को कैसे पहचानती है।”

गोदेनं खरंच ओळखलं. तिचे हलते कान थांबले. मग ती मागे सरू लागली. एक पाऊल, मग दुसरं, जड साखळी विटांवरून फरफटत. पुरती मागच्या भिंतीला टेकली तेव्हा तिनं शेपटी भिंतीत दाबून धरली. मग तिच्या पायांतून लघवीचा लोट सुटला आणि धुतलेल्या फरशीवरून बायकांच्या तबकांपर्यंत वाहत आला.

“लाजते ती,” कालिंदीबाई हसून म्हणाल्या. “शरमाती है। मैं आती हूँ तो हमेशा ऐसे ही करती है। नई दुल्हन जैसी।”

“हमेशा?” कमिश्नरबाईंनी विचारलं.

“हमेशा!”

बाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, आपण जरा फाटकाबाहेर थांबा. त्यांनी ईशानीच्या हाती ऊस दिला आणि पुढे पाठवलं. कालिंदीबाई फाटकाच्या गजांतून पाहत होत्या. गोदेनं सोंड लांब केली, साखळी ताणली जाईपर्यंत पुढे आली, ऊस घेतला आणि ईशानीच्या खांद्यावर सोंड ठेवून उभी राहिली. बाईंनी कालिंदीबाईंना परत बोलावलं. त्या दोन पावलं आत आल्या आणि गोदा पुन्हा भिंतीकडे सरकू लागली.

तिसऱ्यांदा करून पाहायची गरज कोणाला वाटली नाही. बायकांनी तबकं खाली ठेवली. कालिंदीबाईंनी त्या भिंतीकडे पाहिलं. शेपटीच्या उंचीवरचा गिलावा पार झिजून आतली वीट दिसत होती, आणि वीटही गुळगुळीत झाली होती. एका दिवसात भिंत अशी झिजत नाही. इतकी वर्षं त्या हिच्यासमोर गूळ धरून उभ्या राहिल्या होत्या, आणि हिच्या लेखी गूळ घेऊन येणारी ही बाई म्हणजे मागून येणाऱ्या कळेची वर्दी होती.

त्यांना लाज वाटली. कान, गाल, मान सगळं तापलं. भर मंगल कार्यात अंगावरचं वस्त्र फिटावं तशी ती लाज होती आणि झाकायला दोन हात पुरत नव्हते. गूळ तळहातावर वितळून मनगटापर्यंत आला होता. तो पदराला पुसला तर सगळे बघतील म्हणून त्यांनी मूठ तशीच मिटून धरली आणि घरी येईपर्यंत उघडली नाही.

घरी मात्र वासुदेवरावांनी तोवर रस्ता काढलाही होता. आपल्या लोकांना शरम वाटायच्या आत युक्ती सुचते, हा गुण म्हणावा की काय म्हणावं? हत्तिणीला खरजेची व्याधी होती, म्हणून शेपटीचे केस गेले आणि म्हणूनच ती भिंतीला अंग घासते, असं सांगायला एक डॉक्टर तयार झाला. कालिंदीबाईंनी साक्षीत एवढंच म्हणायचं.

“आणि वळी?” त्यांनी विचारलं.

“कसली वळी?” वासुदेवराव म्हणाले.

तारखेच्या दिवशी सगळी मंडळी कचहरीच्या आवारात कडुनिंबाखाली जमली. वासुदेवरावांनी रुमाल पसरला आणि एकेकाला अंगठी काढून त्यात टाकायला सांगितली. कोणाच्या बोटात ती मुंजीपासून होती, निघेना. एकानं चहावाल्याकडून साबण मागून आणला. वेदमूर्ती, मास्तर, बँकेतले कॅशियर, सगळे बोटाला साबण लावून अंगठ्या ओढत उभे होते. निघाल्यावर प्रत्येकाच्या बोटावर पांढरा पट्टा दिसू लागला, मग जो तो हात शालीत लपवू लागला.

“बस, हाथी निकल गया, दुम रह गई है,” संस्थानाचे वकील मजेनं म्हणाले.

“भावोजी,” कालिंदीबाई हळूच म्हणाल्या, “तिनं दिलेले केस ना हे? मग काढायचे कशाला?”

“वहिनी, कोर्टात श्रद्धा चालत नाही. आणि एक सांगतो, ती गेली तर तुम्हालाच जड जाईल. आम्हाला काय, आम्ही मिरवणुकीला घोडा आणू.”

हे मात्र त्यांना लागलं. गोदा गेली तर उरतं काय? चूल, आणि चुलीपाशी न बोलणारी लेक. गोदा राहिली तर अजून सगळं सुधारता येईल. आता कोणी तिच्या शेपटीला हात लावणार नाही, आपण लावू देणार नाही. गूळ न घेता जाऊ, नुसतं लांब बसू, वर्षभरात विसरेल ती. असं मनाशी म्हणत त्या साक्षीच्या कठड्यात चढल्या आणि ईश्वराला साक्षी ठेवून खरं सांगण्याची शपथ घेतली.

“हथिनी आपसे डरती है?” समोरच्या वकिलानं विचारलं.

“नहीं। शरमाती है।”

मागच्या बाकांवर हशा पिकला. जज्जसाहेबांनीही मिशीला हात लावला.

“पूँछ के बाल कहाँ गए, माताजी?”

“खाज की बीमारी थी।”

“उन बालों का कभी कुछ बनाया आपने?”

“नहीं।”

ईशानी समोर बसली होती. तिनं मान वर केली नाही. बारशाला तिच्या हातात आईनं स्वतः वळं घातलं होतं, आणि जपून ठेवलेलं ते वळं तिनं संस्थेच्या वकिलाला दाखवलं असतं तर तिथल्या तिथे आईची साक्ष उघडी पडली असती. तिनं ते दाखवलं नाही. हेही कालिंदीबाईंना त्याच क्षणी कळलं, आणि कठड्यातून उतरताना त्यांनी आधाराला हात पुढे केला. तो ईशानीनंच धरला.

साक्षीचा उपयोग शून्य झाला. कोर्टानं कमिश्नरबाईंचा अहवाल मानला आणि थंडी सरायच्या आत गोदेला तराईत पाठवायचा हुकूम दिला. म्हणजे खोटं बोलूनही पदरात काही पडलं नाही, तेलही गेलं आणि तूपही गेलं.

न्यायला ट्रक आला त्या सकाळी बगीच्यात धुकं होतं. मातीचा चढ करून त्याला ट्रकचं फळकूट टेकवलं होतं. जंगल खात्याचे अधिकारी होते, त्यांचा डॉक्टर होता, ईशानी आणि तिची संस्था होती, आणि निरोप द्यायला सगळी मराठी वस्ती हार घेऊन आली होती. वासुदेवरावांनी फोटोग्राफर आणला होता.

अनवरनं साखळी सोडली आणि गोदेला चढापर्यंत आणलं. तिथे ती थांबली ती थांबली. जन्मात कधी ट्रकमध्ये न चढलेली हत्तीण ती. ऊस दाखवला, केळी दाखवली, ईशानीनं हाका मारल्या. गोदा ऊस खायची आणि पाय रोवून उभी राहायची. दोरानं ओढू म्हणाले, तर तिनं असा चीत्कार केला की हार घेतलेले लोक फाटकापर्यंत पळाले. मारायचं नाही, असं कोर्टाचंच बजावणं होतं.

ऊन वर आलं. वासुदेवरावांचा चेहराही उजळत चालला होता.

“पाहा, मुक्या जिवाला कळतं! जायचं नाही तिला. काढा, फोटो काढा!” मग ते कालिंदीबाईंच्या जवळ आले. “वहिनी, अधिकारी म्हणतोय, दुपारपर्यंत चढली नाही तर तो ट्रक परत नेणार. तसं लिहून मिळालं की वरच्या कोर्टातून आपण स्टे आणतो. गोदा कुठे जात नाही आता. आणि ऐका, आमच्या सूनबाईला पाचवा लागलाय. बारसं या बगीच्यातच करू.”

कालिंदीबाईंनी गोदेच्या शेपटीकडे पाहिलं. दावा लागल्यापासून भीतीनं कोणी तिला हात लावला नव्हता. शेपटीच्या टोकाला आखूड, राठ, काळे केस उगवले होते. वासुदेवरावही तिकडेच पाहत होते. त्यांच्या नजरेत पाप नव्हतं, हेच तर भयंकर होतं. घरातल्या झाडाला लिंबं धरली आहेत की नाही, हे माणूस पाहतो तसं ते पाहत होते. आणि आपणही इतकी वर्षं असंच पाहिलं, हे त्यांना दिसलं.

आता नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यात अवघड काहीच नव्हतं. गप्प राहिलं की गोदा राहणार होती.

कालिंदीबाई अधिकाऱ्याकडे गेल्या. “गाडी की तरफ़ उसकी पीठ कर दीजिए,” त्या म्हणाल्या. “मुँह मेरी तरफ़।”

अधिकाऱ्याला कळलं नाही. अनवरला कळलं. त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून गोदेला वळवलं.

“वहिनी, काय करताय तुम्ही?” वासुदेवराव म्हणाले.

कालिंदीबाई सगळ्या वस्तीसमोर पुढे झाल्या आणि उजवा तळहात नेहमीसारखा पसरला. त्यात काही नव्हतं. गोदेचे कान थांबले. तिनं एक पाऊल मागे घेतलं.

कालिंदीबाईंनी एक पाऊल पुढे टाकलं, गोदेनं एक मागे. मागचे पाय चढावर आले. मातीवरून फळकुटावर आले, फळकूट करकरलं. कोर्टात ‘शरमाती है’ ऐकून हसलेले लोक इथेही होते, आता कोणी हसत नव्हतं. शपथेवर जे नाकारलं होतं ते कालिंदीबाई पावलागणिक खरं करून दाखवत होत्या, आणि फोटोग्राफर ते टिपत होता. वासुदेवरावांनी त्याचा हात खाली ओढला.

“आई,” ईशानी रडत म्हणाली, “बस, आई, बस.”

“थांब गं, अजून थोडी राहिलीय,” त्या म्हणाल्या. वर्षा-दीड वर्षात लेकीशी रागाविना बोललेलं त्यांचं हे पहिलं धड वाक्य.

गोदा मागे सरत सरत पुरती ट्रकमध्ये गेली आणि तिची पाठ पुढच्या लाकडी भिंतीला जाऊन आदळली. तिनं शेपटी भिंतीत दाबून धरली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

कालिंदीबाई फळकुटाच्या टोकाशी उभ्या होत्या. गोदेची सोंड हाताच्या अंतरावर होती. ते पाणी टिपावं, कपाळाला एकदा हात लावावा, असं त्यांना फार वाटलं. पण त्यासाठी आणखी एक पाऊल पुढे टाकावं लागलं असतं, आणि गोदेला मागे सरायला आता जागा उरली नव्हती. त्यांनी हात पदराखाली घेतला, पाठ फिरवली आणि तिला आपण दिसणार नाही इतक्या लांब, फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.